काविळीचा हिशेब

ज्याला कावीळ झाली त्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. मत्सरी टीकाकाराला, संशयी शेजाऱ्याला आणि परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला ही म्हण सारख्याच सोयीने लावता येते. तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही स्वतः ती कितीदा वर्गात वापरली असेल ह्याची गणती नाही. परंतु गेल्या आषाढात आमच्याच घरी एक कावीळ झालेला मनुष्य अंथरुणावर पडला, तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, "काय रे, भिंत कशी दिसते तुला?" तो म्हणाला, "पांढरीच. रंग द्यायला मात्र झालाय, मामा."

त्या दिवशी एका जुन्या म्हणीवरचा आमचा विश्वास उडाला. रोग्याला जग पिवळे दिसत नाही. जगाला मात्र तेवढा रोगी पिवळा दिसतो, आणि जो पिवळा दिसत नाही तो निरोगी, असे धरून जग आपला हिशेब मांडते. हा दुसरा दृष्टिदोष पहिल्याहून फार अधिक पसरलेला आहे आणि तो आमच्याही डोळ्यांत होता, हे सांगण्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

आम्ही हिंजवडीस राहावयास आलो त्यास आता सहा वर्षे होतील. मुलाची नोकरी येथली, घर त्याच्या हौसेचे आणि पुस्तकांची कपाटे तेवढी आमची. मुळशी तालुक्यातील हे गाव गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत भातखाचरांचे आणि म्हातोबाच्या यात्रेचे गाव होते. आज ते संगणकाच्या कारखानदारीचे नगर झाले आहे. मात्र नगर वसले तरी नगराची नळयोजना त्याच्या मागून धापा टाकीत येते आहे. ह्या तालुक्याच्या नशिबी पाण्याची एक थट्टाच लिहिलेली दिसते. ज्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचे रण माजले, त्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात जाते. आणि त्याच तालुक्यातील आमच्या नऊ मजली इमारतीत उन्हाळ्यापासून टँकर मोजावे लागतात. टँकर कोणत्या विहिरीवरून भरतो, हे विचारण्याची पद्धत नाही. तो वेळेवर आला की पुरे.

आजारी पडला तो आमचा भाचा. साताऱ्याहून नोकरीसाठी येऊन वर्षभर आमच्याकडेच राहिलेला, चोवीस वर्षांचा, व्यायामाची आवड असलेला. आधी चार दिवस अन्नाचा तिटकारा, थोडा ताप, मग लघवीचा रंग चहासारखा, आणि एके सकाळी आरशासमोर उभा राहून तो ओरडला, "मामी, माझे डोळे बघा!" डॉक्टरांनी यकृताला सूज असल्याचे सांगितले, रक्त तपासावयास पाठविले आणि विश्रांती लिहून दिली. त्याच आठवड्यात इमारतीत आणखी दोघांना कावीळ झाल्याचे कळले.

बातमी साताऱ्यास पोचली तेव्हापासून आमच्या भगिनीचे फोन सुरू झाले. हळद बंद करा. नाकात थेंब सोडणारा एक जाणता आहे. गळ्यात घालायची काविळीची माळ पाठवते, ती जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते. माळ खरोखरच लांबते. तिच्या गाठी सैल पडण्याच्याच बेताने बांधलेल्या असतात. आणि कावीळही बहुधा खरोखरच उतरते, कारण ह्या रोगाचे बहुतेक प्रकार आपल्या आपण बरे होणारे आहेत. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी घडल्या म्हणजे त्यांचे नाते जुळविण्याचा मोह मनुष्याला आवरत नाही. नाकातल्या थेंबांना आम्ही निक्षून नकार दिला, कारण त्याने अपाय होतो. माळेला मात्र दिला नाही. बहिणीची माया होती ती. तिला शास्त्राचे कुंपण कशाला?

परंतु घरातील खरी धास्ती भाच्याची नव्हती. आमची सूनबाई सातव्या महिन्यात होती. पाण्यावाटे येणाऱ्या काविळीचे विषाणू मुख्यतः दोन, 'ए' आणि 'ई'. रोगी पाहून त्यांतला कोणता हे सांगता येत नाही. रक्तच तपासावे लागते. 'ए' गर्भिणीला इतरांपेक्षा फारसा अधिक त्रास देत नाही. 'ई' मात्र तिच्यावर दात धरून असल्यासारखा वागतो: इतरांत तो क्वचितच प्राण घेतो, परंतु गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत ही कावीळ झालेल्या स्त्रियांत शंभरातील वीस ते पंचवीसपर्यंत दगावतात. हे आम्ही वाचले आणि वाचल्याबद्दल पस्तावलो. तिला माहेरी नाशिकला पाठवावे, असा विचार निघाला. डॉक्टर म्हणाले, "पाठवा हवे तर, पण प्यायचे ते पाणी ती आधीच प्यालेली असेल."

ह्या वाक्याने आम्हांस काविळीचे कुलूप कोठे आहे ते दाखविले. 'ए' पोटात गेल्यावर दोन ते चार आठवडे स्वस्थ बसतो. 'ई' दोनापासून दहा आठवड्यांपर्यंत. विंचवाने दंश केला की विंचू दिसतो. येथे डोळे पिवळे होतात तेव्हा दंश करणारा कधीच निघून गेलेला असतो. आज उमटलेली कावीळ वैशाखातल्या कोणत्या पेल्याची, कोणत्या पाणीपुरीची की कोणत्या टँकरची, हे कोणी सांगावे? सोसायटीच्या सभेत मात्र सर्वांना ते ठाऊक होते. एकाच्या मते दोष टँकरवाल्याचा, दुसऱ्याच्या मते टाकी धुणाऱ्याचा, तिसऱ्याच्या मते नाक्यावरच्या गाड्यांवर जेवणाऱ्या तरुणांचा, आणि चौथे गृहस्थ तर पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या मजुरांकडे बोट दाखवून मोकळे झाले. त्या रात्री आम्हीही मनातल्या मनात त्यांच्याच बाजूला मत दिले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

रक्ताचा निकाल येण्यास तीन दिवस होते. प्राध्यापकाला धास्ती वाटली म्हणजे तो पुस्तके काढतो. आम्हीही तेच केले.

१९५५ सालच्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची एक प्रचंड साथ उठली. यमुनेतून वजिराबादला शहराचे पाणी उचलीत, त्या जागी शहराच्या मैलापाण्याचा ओघ उलट शिरला होता. त्या सहासात आठवड्यांत एकोणतीस हजारांवर माणसे पिवळी पडली. चमत्कार असा की पाण्यात क्लोरीन घातले होते, आणि त्या काळात विषमज्वर वा हगवण वाढली नाही. जंतू मेले; विषाणू मात्र वाचले. ही कावीळ 'ए'चीच, असे पुढे पंचवीस वर्षे सर्वांनी धरून ठेवले. पण कोणा दूरदर्शी माणसांनी त्या रोग्यांचे रक्तद्रव जपून ठेवले होते. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ आणि आमच्या पुण्याच्या विषाणुसंस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे सहकारी ह्यांनी ते नव्या कसोट्यांनी तपासले, तेव्हा ती कावीळ 'ए'ची नव्हती आणि 'बी'चीही नव्हती असे निघाले. ज्याला नाव नव्हते असा कोणी तिसराच पाव शतक आपल्यात वावरत होता! १९८३ साली बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः गिळला, स्वतः कावीळ काढली आणि स्वतःच्याच मळात तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यालाच आज 'ई' म्हणतात. ज्ञानासाठी विष पिण्याच्या गोष्टी आम्ही ग्रीकांच्या इतिहासातून शिकवीत आलो. ही गोष्ट मात्र आमच्या हयातीतली असून आम्हांस ठाऊक नव्हती.

पुण्याची ही संस्था १९५२ साली स्थापन झाली. तिचे एक आवार पाषाणला आहे. महाविद्यालयात जाताना आम्ही पाषाणवरूनच जातो. सहा वर्षे त्या बाजूने गेलो आणि आत काय चालते हे जाणण्याची इच्छा कधी झाली नाही. डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुणेकरांच्या रक्ताची १९८२ आणि १९९२ अशी दोन सालांची तुलना केली. रोगी किती, हे त्यांनी विचारले नाही. रोग होऊन गेला म्हणजे रक्तात प्रतिपिंडे मागे राहतात. रोगी विसरला तरी रक्त विसरत नाही. त्यांनी ह्या रक्ताच्या आठवणीच वाचल्या. निष्कर्ष असा, की 'ए' जवळजवळ प्रत्येकाला बालपणीच होऊन गेलेला. आणि 'ई'च्या खुणा लहान मुलांत क्वचित, तरुणांत मात्र शंभरातील सुमारे चाळिसांत. दोघेही एकाच रस्त्याने, म्हणजे मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जाणारे. मग एक मुलांना गाठतो आणि दुसरा तरुणांना, हे का? ह्याचे पुरते उत्तर शास्त्राला आजही मिळालेले नाही.

आता वाचकांनी स्वतःच्या घराकडे पाहावे. शंभर माणसे जमली असता त्यांत कावीळ झालेले हात वर करा म्हटले, तर पाचदहा हात वर होतील. रक्त विचारले तर जुन्या पिढीतले जवळजवळ सगळेच हात वर येतील. ह्याचे कारण असे, की सहा वर्षांच्या आतील मुलाला 'ए' झाला तर बहुधा कळतच नाही. दहांत एखादे मूल पिवळे होते, बाकीची दोन दिवस किरकिर करून खेळावयास जातात. मोठ्या माणसाला तोच विषाणू झाला तर दहांत सातांहून अधिकांना कावीळ होते, आणि क्वचित ती जिवावरही बेतते. आमच्या बालपणी वाड्यात एकच हौद होता आणि त्यातले पाणी आम्ही ओंजळीने पीत असू. कावीळ झाल्याचे आम्हांस स्मरत नाही, आईनेही कधी सांगितले नाही. तथापि आमच्या रक्तात ती खूण असणार, ह्याबद्दल आम्हांस आता शंका उरलेली नाही.

भाच्याला मात्र ती खूण मिळाली नाही, कारण त्याला आम्ही मिळू दिली नाही. बहिणीने त्याला उकळून गाळलेल्या पाण्यावर वाढविले, शाळेत घरची बाटली दिली, गाडीवरचे खाऊ दिले नाही. तिने योग्यच केले. पुण्यातील पुढच्या पाहण्यांतूनही हेच निघाले, की सुखवस्तू कुटुंबांतील मुलांत 'ए'च्या खुणा कमी होत चालल्या आहेत. परंतु स्वच्छ घर हे अस्वच्छ गावात बांधले असेल, तर रोग टळत नाही, लांबणीवर पडतो. आणि ह्या सावकाराचे व्याज वयाबरोबर वाढते. लहानपणी जे कर्ज दोन दिवसांच्या किरकिरीने फिटले असते, ते भाच्याने सहा आठवड्यांच्या अंथरुणाने फेडले. ह्यावरून कोणी मुलांना हौदाचे पाणी पाजू लागेल तर तो शुद्ध वेडेपणा होईल, कारण त्या हौदाने किती मुले नेली ह्याचीही आठवण आमच्या वाड्याला आहे. 'ए'वर आता लस आहे. परंतु लस ही एका माणसाची ढाल झाली. गावाची ढाल म्हणजे मैला एका वाटेने आणि पाणी दुसऱ्या वाटेने नेणे.

चौथ्या दिवशी निकाल आला: 'ए'. इमारतीतील इतर दोघांचेही तेच. घरात दिवा लागल्यासारखे झाले. सूनबाई हसली, आम्ही पेढे आणावयास निघालो. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी भांडी विसळता विसळता विचारले, "अहो, पण त्या लक्ष्मीचं काय?"

लक्ष्मी म्हणजे आमच्या पहारेकऱ्याची बायको. पंपाच्या खोलीला लागून एक खोली आहे, तेथे हे जोडपे राहते. तीही गर्भार होती, सूनबाईच्याच बरोबरीची. आम्ही नऊ मजल्यांवरचे लोक टाकीचे पाणी आपापल्या स्वयंपाकघरातील यंत्रातून गाळून पितो. ती जमिनीखालच्या टाकीच्या नळावर कळशी लावते आणि तेच पिते. 'ई'च्या भीतीने आम्ही तीन रात्री झोपलो नव्हतो. त्या तीन रात्रींत आमच्या जिन्याखाली राहणाऱ्या ह्या बाईची आठवण आम्हांस एकदाही झाली नव्हती. 'पलीकडचे मजूर' म्हणून बोट दाखविणारे गृहस्थ निदान कोणाकडे तरी पाहत होते. आम्ही तर पाहतही नव्हतो.

आम्ही खाली गेलो. कावीळ म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडं ल्हानपणीच व्हऊन जाती ती, सर. त्याला काय डाक्टर लागत नाय." तिचे म्हणणे 'ए'पुरते शास्त्राला धरूनच होते. जो रोग आमच्या घरी संकट म्हणून येतो, तो तिच्या घरी इतका नित्याचा की त्याला रोग म्हणूनही कोणी मोजीत नाही. परंतु 'ई' निराळा. पुण्यातच मैलापाण्याच्या कामावरील मजुरांचे रक्त ह्याच संस्थेतील संशोधकांनी तपासले, तेव्हा 'ई'च्या खुणा त्यांच्यात इतरांहून अधिक आढळल्या. तो जेव्हा सार्वजनिक पाण्यात शिरतो तेव्हा कानपुरास १९९१ साली घडले तसे घडते, जेथे सुमारे एकोणऐंशी हजार रोगी झाल्याचा अंदाज आहे. किंवा २०१२ सालच्या उन्हाळ्यात पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत घडले तसे. ह्या वेळी आमच्या टाकीत 'ए' आला. पुढच्या वेळी कोण येईल ह्याचे आश्वासन टँकर देत नाही. त्या दिवसापासून सौभाग्यवती रोज सकाळी उकळून निवविलेल्या पाण्याची एक कळशी खाली पाठवू लागल्या. आम्ही ती उचलून नेत असू. धास्तीपोटी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांचे एवढेच प्रत्यक्ष फळ.

पुढल्या सभेत आम्ही ठराव मांडला: टाकीतील क्लोरीन रोज मोजावे, टँकरची विहीर विचारावी, मैल्याची आणि पाण्याची वाहिनी कोठे एकमेकींस ओलांडते ते तपासावे, आणि खालच्या नळाला गाळण्याचे यंत्र बसवावे. पहिल्या तीन कलमांना टाळ्या पडल्या. चौथ्या कलमाच्या खर्चावर पाऊण तास वाद झाला. "तो आपला सभासद नाही," असे एकाने सांगितले. त्यावर त्या नळाचे पाणी पिऊन झाडूवाली, दूधवाला, इस्त्रीवाला आणि आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या बायकाही नऊ मजले चढून आपल्या घरी येतात, एवढेच आम्ही निदर्शनास आणले. काविळीच्या विषाणूला सभासदत्वाचे नियम माहीत नाहीत. ठराव दोन मतांनी संमत झाला, आणि त्या दोन मतांत मजुरांकडे बोट दाखविणाऱ्या गृहस्थांचे एक होते, हे त्यांच्या मोठेपणाचे म्हणून नोंदवून ठेवतो.

भाद्रपदात सूनबाईला मुलगी झाली. जन्मल्यानंतर चोवीस तासांच्या आत परिचारिकेने तिच्या इवल्याशा मांडीत एक सुई टोचली. ही कशाची, म्हणून आम्ही विचारले. ती 'बी' काविळीची होती. 'बी' आणि 'सी' हे पाण्यावाटे येत नाहीत. रक्तावाटे, दूषित सुईवाटे, आणि 'बी' तर विशेषेकरून जन्माच्या वेळी आईकडून मुलाकडे जातो. हे दोघे बहुधा डोळे पिवळे करण्याचाही शिष्टाचार पाळीत नाहीत. वीसतीस वर्षे मुकाट्याने यकृत पोखरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात 'बी' बाळगणारी माणसे २ कोटी ९८ लाख होती आणि 'सी' बाळगणारी ५५ लाख. त्यांतील फार मोठ्या संख्येला स्वतःला ते ठाऊक नाही. पिवळे तेवढे मोजण्याची आमची रीत येथे तर अगदीच पांगळी ठरते.

चारच दिवसांनी लक्ष्मीला सरकारी रुग्णालयात मुलगा झाला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याच्याही मांडीवर तसाच एक ठिपका होता. तीच लस, तेच चोवीस तास, आणि एक पैसाही न घेता. नवव्या मजल्यावरच्या आणि पंपाच्या खोलीतल्या दोन पोरांना देशाने एका बाबतीत सारखे मोजले होते. आम्हांस त्या ठिपक्याचे फार कौतुक वाटले. लसीच्या बाबतीत जे साधले ते पाण्याच्या बाबतीत साधणार नाही, असे कोणी आता आम्हांस सांगू नये.

परवा सोसायटीचे वार्षिक इतिवृत्त वाचावयास मिळाले. 'आरोग्य' ह्या सदराखाली चिटणिसांनी लिहिले होते: "कावीळ — रोगी ३. सर्व बरे झाले." वाक्यात खोटे काही नाही. आम्ही तरीही पेन काढले आणि त्याखाली एक ओळ लिहून दिली: "टाकीचे पाणी पिणारे — सुमारे चारशे. त्यांची नोंद नाही."